पुरलेले औषध

जिन्यात चपलांना जागा उरली नव्हती. रस्त्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत प्रत्येक पायरीवर बूट, सँडल, रबरी चपला यांचे ढीग लागले होते. त्या ढिगांतून पाऊल टाकायला जागा शोधत डॉक्टर आपल्या सख्ख्या मावशीच्या घरात चोरासारखी शिरली.

बाहेरची खोली माणसांनी गच्च भरली होती. भर दुपारी पडदे ओढलेले. मधोमध मावशीची खाट, खाटेला लागून खुर्ची आणि खुर्चीत थेंबबाबा. पांढराशुभ्र सदरा, तुळतुळीत दाढी केलेला चेहरा, खांद्यावर थैली, हाताशी निळ्या काचेची सुरई.

"तो पडदा सारखा करा रे," बाबा म्हणाले. "उजेडात पाणी जड होतं. जड पाणी जिभेवरच बसून राहतं, दुखण्यापर्यंत पोचत नाही."

कोणीतरी लगबगीने पडदा ओढला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर अशी मान डोलावत होते, की उजेडात पाणी जड होते हा धडा जणू त्यांनीच जन्मभर शिकवला होता.

"दुखणं म्हणजे कोण?" बाबांनी विचारले.

"पाहुणी!" खोलीने एका सुरात उत्तर दिले.

"आगंतुक पाहुणी. हाकललीत तर फुगून बसते, आणखी चार दिवस मुक्काम वाढवते. डॉक्टर तेच करतात. टोचतात, कापतात. पाहुणीला कोणी टोचतं का? तिला काय द्यायचं?"

"पाणी!"

"पाणी प्यायली की आपण होऊन उठते, निघते. एवढंच शास्त्र आहे. ह्याला कशाला हव्यात पदव्या?"

मावशी कण्हत होती. कर्करोग तिच्या हाडांत उतरला होता आणि कूस बदलणेही तिला नकोसे झाले होते. बाबांनी सुरईतले पाणी चमच्यात घेतले, थेंब थेंब करून तिच्या ओठांत सोडले आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. बाबा डोळे मिटून बसून राहिले. मागची माणसे या पायावरून त्या पायावर भार देत उभी होती. बऱ्याच वेळाने कण्हण्याचा सूर खाली आला, तुटला, थांबला. मावशीच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडल्या आणि ती गाढ झोपली.

खोलीने सोडलेला सुस्कारा ऐकू आला. मावशीचा मुलगा, म्हणजे डॉक्टरचा दादा, भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडत होता.

डॉक्टरला मात्र आनंद झाला नाही. राग म्हणावा तर तो नव्हता, काळजी तर मुळीच नव्हती. शाळेत आपल्या शेजारणीला पहिले बक्षीस मिळाल्यावर जे वाटते, तेच हे. दुखणाऱ्यांचे दुखणे कमी करायचे, बरे होणार नाहीत अशांना शेवटपर्यंत सोबत करायची, हेच तिचे काम. गावातले लोक तिच्या विभागाला 'शेवटचा विभाग' म्हणत आणि त्याच्या दारावरून जाताना भरभर पावले उचलत. आई गेल्यावर जिने तिला लहानाची मोठी केली त्या मावशीला गेल्या काही महिन्यांत ती एकदाही असे झोपवू शकली नव्हती. आणि हा सुरईवाला आला काय, हात धरला काय, जग जिंकून गेला काय.

बाबांना पोचवायला सगळी खोली जिना उतरून गेली. तेवढ्यात दादाची नजर तिच्यावर पडली.

"पाहिलंस ना, चिमे? डोळ्यांनी पाहिलंस ना?"

"पाहिलं. दादा, मी दिलेलं औषध कोण देतंय तिला? वेळेवर जातंय ना?"

दादा ओशाळला. मग मान वर करून म्हणाला, "खोटं कशाला बोलू? थेंब सुरू झाल्यापासून बंद आहे."

"अरे, पण दर आठवड्याला नवी बाटली घेऊन जातोस. रिकामी परत आणून देतोस!"

"बाबांनीच सांगितलं तसं. डॉक्टरला दुखवू नका, बाटली आणत जा आणि माझ्याकडे द्या. ते पुरतात ती. जेवढं विष मातीत जाईल तेवढं दुखणं मातीत जातं. रिकामी बाटली मात्र परत देतात हं, तुमच्या दवाखान्यात मोजून घेतात म्हणून. फार विचारी माणूस."

"विष नाही ते. मॉर्फिन आहे."

"तेच गं," दादा हळूच म्हणाला आणि पाहुण्यांच्या मागे खाली गेला.

डॉक्टर खाटेपाशी गेली. सवयीनेच तिने मावशीची पापणी वर केली आणि खिशातला छोटा दिवा लावला. मग दिवा विझवून थोडे थांबून पुन्हा पाहिले. अंधाऱ्या खोलीत माणसाची बाहुली मोठी व्हायला हवी. मावशीची मोहरीएवढी झाली होती.

"डोळ्यांत काय शोधतेस? मोत्यं?" मावशी अर्धवट झोपेत पुटपुटली.

"पोट साफ होतंय का गं?"

"नाव काढू नकोस. पोटात दगड बसलाय. एवढं पवित्र पाणी पिते, पण खाली काही उतरेल तर शपथ."

डॉक्टर खुर्चीत टेकली, आणि लगेच ही बाबांची खुर्ची आहे हे आठवून उठून उभी राहिली.

महिनोन्‌महिने मॉर्फिन घेणाऱ्या माणसाचे औषध एकाएकी थांबवले तर शरीर गप्प बसत नाही. नाक गळते, जांभया येतात, अंगावर काटा येतो, पोट धो धो वाहते. मावशीला यातले काहीच नव्हते. उलट बारीक बाहुल्या, कोरडे तोंड, आवळून बसलेले पोट. देवाच्या पाण्याने दुखणे थांबले असते तर एक वेळ समजू. पण देवाच्या पाण्याने बद्धकोष्ठ कसा होईल? पुरलेले औषध मातीत न जाता मावशीच्या पोटातच जात होते.

"मावशी, त्या थेंबांची चव कशी असते?"

मावशीने एक डोळा उघडला. या बाईने उभी हयात पत्ते खेळण्यात घालवली होती. वाड्यावस्तीतल्या, गल्लीबोळातल्या कोणत्याही खेळाडूच्या बाहीत लपवलेले पान तिला दुसऱ्या बाकावरून दिसत असे.

"कडूजहर," ती म्हणाली. "तुझ्या औषधासारखी."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"जिभेला ठाऊक होतं. मला काय करायचंय?"

"अगं, मग बोलली का नाहीस!"

"कारण पान चांगलं पडत होतं." मावशीने दम घेतला. "तुझा दादा मला अर्धा चमचा द्यायचा. कधी पाव. मी कण्हायचे आणि हा घोडा बाटली हातात धरून रडत उभा. त्याला वाटायचं, पूर्ण चमचा दिला की आई गेली, आणि ती आपल्या हातून गेली. बाबा आल्यापासून पूर्ण मिळतंय, आणि पोरगाही रात्रीचा झोपतोय. चालता डाव मी का उधळू?"

"मला सांगायचंस तरी."

"कधी सांगू? तू यायचीस ती घोड्यावर बसून. किती दुखतंय, दहापैकी किती, औषध वाढवते, निघते. बाबा बसतो, चिमणे. खोटारडा आहे, पण बसतो. हात गरम आहेत त्याचे."

हे ऐकून डॉक्टर तिथून निघाली. सगळा जिना उतरेपर्यंत तिच्या डोक्यात एकच विचार घोळत होता आणि तो काही मावशीच्या बाहुल्यांचा नव्हता. त्याचे हात गरम आहेत म्हणे!

तिने त्या आठवड्यात कोणाला काही सांगितले नाही. मावशी शांत होती, दादा शांत होता; सत्य सांगून त्यांची झोप उडवायची कशाला, असे ती स्वतःला समजावत राहिली. पण मूग गिळून बसणे तिला जमत नव्हते. विभागातल्या सिस्टरने बाबांचे नाव काढले तरी ती कपाटे आपटू लागली.

मग मावशीच्या समोरच्या इमारतीतल्या घड्याळजींना त्यांच्या मुलीने उचलून रुग्णालयात आणले. घड्याळ दुरुस्त करणारा हा म्हातारा डॉक्टरचाच रुग्ण होता. ओठ निळसर पडलेले, श्वास इतका संथ की पुढचा येतो की नाही याची वाट पाहावी. डॉक्टरने मॉर्फिनचा उतारा अगदी थोडा थोडा करून टोचला, तेव्हा कुठे म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि इतक्या छान झोपेतून का उठवले म्हणून शिवी हासडली.

"औषध किती दिलं होतं?" डॉक्टरने मुलीला विचारले.

"औषध? एक थेंबही नाही, डॉक्टर. ते आम्ही पुरायला दिलं. फक्त बाबांचं पाणी."

त्याच संध्याकाळी मावशीचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हते. दुखणे परत आले होते आणि पूर्वीपेक्षा जास्त आले होते.

कोडे सुटायला वेळ लागला नाही. बाबांचा बोलबाला वाढला तशी घरे वाढली. कोणाची बाटली कमी ताकदीची, कोणाची जास्त; जी माणसे मरण पावली त्यांच्या घरी उरलेल्या बाटल्याही बाबा सांत्वनाला जाऊन 'मागे विष ठेवू नका' म्हणत घेऊन येत, हेही घड्याळजींच्या मुलीकडूनच कळले. सगळे एका सुरईत. एका दिवशी दाट, दुसऱ्या दिवशी पातळ. घड्याळजींच्या वाट्याला दाट आले, मावशीच्या वाट्याला पातळ.

डॉक्टर धावत मावशीकडे गेली. दादाने दार उघडले, पण साखळी काढली नाही.

"तू आत येऊ नकोस, चिमे."

"दादा, मावशी ओरडतेय!"

"बाबा म्हणाले, पाणी तेच आहे, पण या घरावर कोणाची तरी जळकी नजर पडलीये. जवळचीच बाई आहे, शिकलेली आहे. दुसऱ्याच्या हाताला आलेलं यश तिला बघवत नाही. तिच्या जळण्यानं पाणी उकळतं." दादाने तिच्या डोळ्यांत पाहिले. "खरं सांग. तू जळत नाहीस?"

नाही म्हणायला तिने तोंड उघडले. शब्द आला नाही. दादाने दार लावले.

"मग म्हणायचं होतं ना नाही!" दुसऱ्या दिवशी सिस्टर चहाचा कप आपटत म्हणाली.

"कसं म्हणू? जळतेच मी. त्या दिवशी मावशी झोपली तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, ही उठावी आणि पुन्हा कण्हावी. क्षणभरच. पण वाटलं."

सिस्टरने सांडलेला चहा पुसला. मग म्हणाली, "वाटू दे. मॅडम, आपण रक्त तपासायला पाठवतो, तेव्हा तपासणाऱ्याचं घरी भांडण झालंय का हे विचारतो का? तुमच्या मनात काय आहे यानं त्या सुरईत काय आहे ते बदलत नाही. सुरई तपासा."

"मी पुढे होऊन औषध दिलं आणि वर त्याचं पाणीही पोटात गेलं, तर मावशीचा घड्याळजी होईल. त्यानं किती दिलंय हेच कळत नाही. आधी ते पाणी थांबायला हवं. आणि दादा सांगून थांबवणार नाही, त्याला दिसायला हवं."

ती रुग्णालयाच्या औषधशाळेत गेली. तोंड आले की आपण जी पिवळी जीवनसत्त्वाची गोळी खातो, त्यातले ब-दोन जीवनसत्त्व द्रवात चिमूटभर मिसळले तर रंग जेमतेम फिकट पिवळा दिसतो. पण त्वचारोगाचे डॉक्टर अंधारात कातडी तपासायला जो जांभळा दिवा वापरतात, त्याखाली ते हिरवे-पिवळे झळकते. पोटात गेले तर अपाय नाही. औषधकाराने त्या आठवड्याचे औषध बनवताना मावशीच्या दोन बाटल्यांत ते मिसळले. पण मावशीला न विचारता करणे डॉक्टरला पटेना. तिने फोन लावला.

"घाल," मावशी दातांवर दात दाबून म्हणाली. "माझंच पोट आहे. लवकर कर पण. उद्यापर्यंत सोसते."

सिस्टरने नेहमीसारखी एक बाटली दादाच्या हाती दिली. दादाने ती नेहमीसारखी बाबांकडे पुरायला नेली. दुसरी बाटली डॉक्टरच्या पिशवीत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात पुन्हा तोच चपलांचा डोंगर. मावशीने मुलाला निक्षून सांगितले होते, "चिमणी आत आल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही." त्यामुळे दादाला साखळी काढावी लागली; डॉक्टरच्या मागोमाग सिस्टरही आत शिरली. खोलीतल्या माणसांनी डॉक्टरला वाट दिली, पण अंग चोरून, तिचा वारा लागू नये अशी.

"ये बाई," बाबा मधाळ आवाजात म्हणाले. "जळणाऱ्यालाही पाणी लागतंच."

हशा पिकला. डॉक्टरने पिशवीतून दिवा काढला.

"मी तुमच्या पाण्याला हात लावणार नाही. फक्त हा दिवा लावून बघणार आहे. चालेल?"

एवढ्या लोकांसमोर नाही कसे म्हणणार? "बघ की. सूर्याला पणती दाखवायची हौस असेल तर दाखव."

अंधार बाबांनी स्वतःच करून ठेवला होता. डॉक्टरने जांभळा दिवा आधी घरातल्या साध्या पाण्याच्या पेल्यावर धरला. पेला काळाच राहिला. मग तिने तो बाबांच्या हातातल्या चमच्यावर धरला.

चमच्यात काजवा पेटला. हिरवट, पिवळा, जिवंत. सुरईच्या तोंडातून तोच प्रकाश वर डोकावला.

खोलीत एकच गिल्ला उठला. "तेज! तेज आलं!" हेडमास्तर जागा नसतानाही जमिनीवर लोटांगण घालायला गेले आणि दोघांच्या पायांत अडकले. कोणी हुंदके देऊ लागले. खुद्द बाबांचा जबडा खाली पडला होता. पण धंद्यात मुरलेला माणूस तो, दुसऱ्याच क्षणी सावरला.

"दिसलं?" त्यांचा आवाज चढला. "आजवर झाकून ठेवलं होतं मी! कोणाला दाखवलं नाही! ही जळत आली आणि पाण्यानं हिलाच साक्षीला धरलं!"

डॉक्टरने दिवा खाली केला. खोटेपणा उघडा पाडायला आली आणि तिने त्याला नवा चमत्कार नजर केला. मागून सिस्टरने तिच्या बरगडीत कोपर मारले.

"बाबा," डॉक्टर म्हणाली. "हे तेज पाण्याचंच ना? त्यात माझ्या औषधाचा अंश नाही?"

"विषाचा अंश असता तर पाणी काळं पडलं असतं."

"काल दादानं दिलेली बाटली?"

"मातीत. या हातांनी पुरली."

डॉक्टरने पिशवीतली दुसरी बाटली काढली, तिच्यातले चमचाभर औषध वाटीत ओतले आणि वाटी दिव्याखाली धरली. वाटीतही काजवा पेटला. तोच, तसाच.

"दादा, ही कालच्या बाटलीची जुळी बहीण. औषधकाराच्या हातून दोन्ही एकाच वेळी भरल्या. त्यात आम्ही जीवनसत्त्व घातलं होतं, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं तेच. आणि ही आमची नेहमीची बाटली, त्याविना भरलेली." तिने पिशवीतून तिसरी बाटली काढली आणि तिच्यातले औषध दुसऱ्या वाटीत ओतले. वाटी काळीच राहिली. "मग पुरलेली बाटली सुरईत कशी उगवली?"

डॉक्टरने दिवा हळूच बाबांच्या हातांकडे वळवला. उजव्या हाताची बोटे आणि सदऱ्याची बाही, बाटली ओतताना जिथे शिंतोडे उडाले होते तिथे तिथे, हिरवट-पिवळी चमकत होती.

"या हातांनी पुरली म्हणालात. मग बोटांना माती कशी नाही?"

बाबा ताडकन उठले. "ही जळते! सगळ्यांना माहीत आहे ही जळते! विचारा तिला!"

सगळ्यांच्या माना वळल्या. दादाही पाहू लागला.

"हो," डॉक्टर म्हणाली. "जळते. मावशी तुमच्या हातात झोपली, माझ्या नाही, म्हणून जळते. आज सकाळीही जळत होते, आत्ताही जळतेय. पण माझ्या जळण्यानं पाणी चमकत नाही, बाबा. औषधानं चमकतं. मी उद्या मेले तरी चमकेल."

खाटेवरून मावशीचा क्षीण पण खणखणीत आवाज आला. "पुरे झालं. आता पानं दाखवा, बाबा. थैली उघडा."

बाबा दाराकडे सरकले. दार चपलांनी आणि माणसांनी भरले होते. दादाने त्यांच्या खांद्यावरची थैली ओढली. जमिनीवर तपकिरी बाटल्या घरंगळल्या. मावशीची कालचीच, अर्धी रिकामी. घड्याळजींची. आणि काही महिन्यांपूर्वी गेलेल्या कितीतरी माणसांच्या. भिंतीशी उभ्या असलेल्या एका बाईने आपल्या नवऱ्याचे नाव वाचले आणि तोंडावर हात ठेवला.

"मला आधीपासूनच शंका होती," हेडमास्तर कपडे झटकत म्हणाले.

हा बाबा पूर्वी दूरच्या कुठल्याशा रुग्णालयात औषधांची गाडी ढकलायचा, हे पुढे पोलिसांना कळले. कोणते औषध किती वेळाने उतरते हे त्याने तिथेच पाहून ठेवले होते. तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनला काम करायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ हात धरून बसले, की गुण हाताला लागतो. यात मंत्र नव्हता, सिद्धी नव्हती. डॉक्टरचे औषध, पूर्ण मात्रेत, आणि थोडी वाट पाहणे.

गर्दी पांगल्यावर डॉक्टरने आधी मावशीला मोजून औषध दिले आणि ते उतरेपर्यंत नाडी-श्वासावर नजर ठेवून बसली. मग दादा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा दिसला.

"म्हणजे तिला मीच तळमळत ठेवलं," तो म्हणाला. "बाबा येईपर्यंत मीच."

"तू घाबरला होतास. कशाला घाबरतोस हे मी एकदाही विचारलं नाही. बाटली हातात दिली आणि निघाले."

"सगळे म्हणतात, हे औषध सुरू झालं की माणूस संपला. सवय लागते, झोपेतच जातो..."

"दुखण्यासाठी मोजून दिलं, हळूहळू वाढवलं, तर त्यानं आयुष्य कमी होत नाही. कमी करतोय तो आजार. पोट बांधतं, त्याचं औषध सोबत देतात. सुरुवातीला गुंगी येते, ती उतरते. न मोजता दिलं तर मात्र घड्याळजींसारखं होतं, म्हणून तर मोजायचं. एवढं सांगायला मला एक खुर्ची आणि थोडा वेळ लागला असता."

"तेवढा वेळ बाबानं दिला," दादा म्हणाला. टोमणा नव्हता तो, पण लागला.

पुढचे दिवस दादा पूर्ण चमचा देऊ लागला. डॉक्टर रोज यायची आणि बसायची. मावशी पत्ते पिसायला लावी आणि झोपेतही जिंके. एकदा तिने डॉक्टरचा हात हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "नाही गं. त्याचे जास्त गरम होते." डॉक्टर तोंड वळवून हसली, आणि जळलीही.

शेवटच्या दुपारी मावशीचा श्वास तुटक झाला, कपाळावर पुन्हा आठी उमटली. दादा चमचा हातात धरून उभा राहिला. या वेळी त्याने विचारले.

"आता दिलं तर... हा शेवटचा ठरेल का?"

"शेवटचा ठरू शकतो, दादा. शेवट जवळच आलाय. पण तो चमच्यामुळे येणार नाही. चमचा फक्त तिला दुखू देणार नाही."

दादाने चमचा काठोकाठ भरला आणि आईच्या गालाच्या आत हळूच सोडला. मग दोघे दोन बाजूंना बसले. आठी गेली. संध्याकाळ व्हायच्या आत मावशीही गेली, कण्हल्यावाचून.

आज त्या गावात थेंबबाबा नाही, पण उद्या दुसरा येईल. हाताला गुण असलेल्या माणसांची टंचाई कधी पडत नाही. तो आला, तर त्याच्या पायांवर डोके ठेवण्याआधी त्याच्या सुरईत काय आहे ते विचारा. आणि दुखणाऱ्या माणसाच्या डॉक्टरलाही विचारा: हे औषध कशासाठी, किती, आणि मला ज्याची भीती वाटते ते खरे आहे का? डॉक्टरने उभ्याउभ्या उत्तर दिले, तर खुर्ची पुढे सरकवा. भीती पोटात ठेवून गप्प बसणाऱ्याच्याच दारात बाबा येतो. विचारणाऱ्याच्या दारात त्याला काम उरत नाही.